फौजी, दारू आणि नशा: पुण्यातले जवान आणि त्यांच्या घरचे नेहमी विचारतात ते प्रश्न

मी सैन्याच्या मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती झालो आणि सुभेदार म्हणून घरी आलो. मधली बहुतेक वर्षं एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात गेली. सकाळच्या सिक परेडला जो कुणी यायचा तो आधी माझ्यासमोर उभा राहायचा. आता घोरपडीत राहतो. कॅन्टीनच्या रांगेत, ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) बाकावर, लग्नाच्या मांडवात लोक बाजूला घेतात आणि हळू आवाजात विचारतात. पुण्यात सदर्न कमांडचं मुख्यालय, खडकीला बॉम्बे सॅपर्स, दापोडीला सीएमई, लोहगावला हवाई दल, खडकवासल्याला एनडीए, देहूरोडला डेपो. त्यामुळे विचारणारे कमी नाहीत, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदा नीट लिहून काढले. औषधांचे डोस मुद्दाम लिहिलेले नाहीत, ते डॉक्टरांनी ठरवायचे.

फौजेत दारू रीतसर मिळते. मग प्यायलं तर बिघडलं कुठे?

मिळते, आणि पिणारा प्रत्येक जवान व्यसनी नसतो हेही खरं. पण रीतसर मिळाली म्हणून ती शरीराला कळत नाही. कॅन्टीनची रम आणि ठेक्यावरची रम, लिव्हरला दोन्ही सारख्याच.

मी एक खूण बघायचो. दारूसाठी माणूस आपलं वेळापत्रक हलवायला लागला का? संध्याकाळी व्हॉलीबॉलला येणारा पोरगा येईनासा होतो. रात्रीची गार्ड सोबत्याशी बदलून घेतो. न पिणाऱ्या दोस्ताच्या कार्डावरची बाटली मागून घेतो, आधी पैसे देऊन, मग उधारीवर. यातली एकही गोष्ट गुन्हा वाटत नाही, म्हणूनच कुणी टोकत नाही. पण गैरवापर इथूनच सुरू झालेला असतो. पडणं, भांडणं, रोल कॉल चुकवणं हे सगळं त्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी येतं.

‘मी दोनच पेग घेतो.’ दोन पेग म्हणजे नक्की किती?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. एका क्वार्टरमध्ये घरच्या वहिनींनी मला तो ग्लास आणून दाखवला होता. स्टीलचा, लस्सी प्यायचा उभा ग्लास. ‘भाऊ, हे म्हणतात दोनच घेतो. हे बघा दोन.’ मी त्यात पाणी ओतून औषधाच्या मापाने मोजलं. ते ज्या खुणेपर्यंत भरायचे तिथे नव्वद मिलीच्या वर रम बसत होती. तो माणूस खोटं बोलत नव्हता. तो ग्लास मोजत होता, दारू नाही.

हिशोब असा धरा. ४२.८ टक्क्यांची रम किंवा व्हिस्की ३० मिली म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. याला एक युनिट म्हणतात. मोठा पेग, म्हणजे ६० मिली, दोन युनिट. क्वार्टर सहा युनिट. बियर हलकी असते हा गैरसमज आहे: ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बाटली चार युनिटच्या घरात जाते, म्हणजे दोन मोठे पेग.

शरीर तासाला साधारण एकच युनिट निकाली काढतं. त्यात लिंबूपाणी, आंघोळ, काळी कॉफी, सकाळी धावून घाम काढणं यांनी काहीही फरक पडत नाही. रात्री आठला बसून ७५० मिलीतली अर्धी बाटली संपवली, तर ते बारा-साडेबारा युनिट झाले. सकाळी सहाला पीटीला उभा राहिलेला तो जवान अजून नशेतच असतो, तोंडाला वास नसला तरी. त्यानंतर तोच गाडीवर ड्रायव्हर म्हणून बसतो, याचा विचार करा. रस्त्यावरचा कायदा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा धरतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड, किंवा दोन्ही. वानवडीचा सिग्नल फौजीसाठी वेगळा नसतो.

उंचीवर, बर्फात रम लागतेच ना? आमचे वडीलही हेच सांगायचे.

वडिलांचा मान ठेवून सांगतो, ते चूक सांगायचे. रम घेतली की ऊब वाटते, कारण कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतलं गरम रक्त वर येतं. ऊब कातडीला कळते, पण आतली उष्णता बाहेर निघून जात असते. कापरं भरणं हा शरीराचा बचाव आहे, दारू तोही मोडते. उंचीवर हवेत प्राणवायू आधीच विरळ असतो आणि दारूने झोपेतला श्वास आणखी मंदावतो. डोकेदुखी आणि उलटी दारूची आहे की उंचीवरच्या आजाराची, हे डॉक्टरलाही पटकन ओळखता येत नाही. तिथे तो गोंधळ जिवावर बेततो.

जवान एवढा शिस्तीचा माणूस. तो यात अडकतो कसा?

लोकांना वाटतं लढाईच्या भीतीने पितो. काही जण पितात, नाकारत नाही. पण सिक परेडला मला जास्त करून रिकाम्या वेळेने आणि एकटेपणाने अडकलेले दिसले.

फील्डमध्ये दोन-तीन वर्षं माणूस सतत ताणलेला असतो. मग पुण्यासारख्या पीस स्टेशनला येतो. संध्याकाळी पाचनंतर काम नाही, बायकामुलं साताऱ्याकडे किंवा नगरकडे गावी, कारण क्वार्टर मिळायला वेळ आहे. बॅरकमध्ये फोन आणि खाट. त्यात गावाकडून बांधाच्या भांडणाचा फोन येतो, किंवा बहिणीच्या लग्नाच्या पैशाचा. इतक्या लांबून तो काहीच करू शकत नाही. झोप येत नाही. कुणीतरी सांगतं, एक पेग मार, झोप लागेल. लागतेही. पण दारूची झोप पहाटे तीनला मोडते, आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच झोपेसाठी दीड पेग लागतो. अशी चढण असते ती, हळूहळू.

दुसरी जागा म्हणजे सुट्टी. गावी आलेल्या फौजीकडून बाटलीची अपेक्षा असते. मामा, चुलते, शाळेचे मित्र सगळे वाट बघत असतात. काळी ट्रंक उघडली की आधी आईची साडी निघते का रम, हे बघायला अख्खं घर जमलेलं असतं. तीस दिवसांच्या सुट्टीत पंचवीस बैठका होतात. जे जवान युनिटमध्ये एक थेंब घेत नव्हते, ते सुट्टीत शिकून आलेले मी पाहिलेत. गावकऱ्यांना हात जोडून सांगणं आहे: पोराला भेटायला या, बाटलीला नको.

तिसरी जागा दुखणी. गुडघे, कंबर, पाठ. त्याबद्दल खाली गोळ्यांच्या प्रश्नात.

मला व्यसन लागलंय की नाही, हे घरबसल्या कसं ओळखू?

चार प्रश्न स्वतःला विचारा, खोलीत एकटे असताना. कमी करायला हवी असं कधी वाटलं का? कुणी टोकलं की राग येतो का? प्यायल्याबद्दल मनाला खात राहतं का? सकाळी उठल्या उठल्या हात स्थिर करायला घोट लागतो का? दोन ‘हो’ आले तर डॉक्टरांना भेटायचं. शेवटच्या एकट्याला ‘हो’ असेल तरी आजच भेटायचं. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ नावाची चाचणीही आहे, ४० पैकी ८ किंवा जास्त गुण आले की पिणं धोक्याच्या बाजूला गेलं असं धरतात. आरएमओ साहेबांकडे, म्हणजे युनिटच्या डॉक्टरांकडे, पाच मिनिटांत होते.

कायद्याने काय होऊ शकतं?

आर्मी ॲक्ट, १९५० चं कलम ४८. नशेत सापडणं हाच गुन्हा आहे, ड्यूटीवर असा किंवा नसा. कोर्ट मार्शलमध्ये दोषी ठरला तर जवानाला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ॲक्टिव्ह सर्व्हिसवर (मोहिमेवर) नसेल किंवा ड्यूटीवर नसेल, तर कमाल सहा महिने. अधिकाऱ्याला नोकरीतून बडतर्फ करता येतं. पहाऱ्यावरचा संत्री पोस्टवर प्यायलेला सापडला, तर त्याचा गुन्हा वेगळा आणि जास्त गंभीर धरतात. हवाई दलाच्या १९५० च्या कायद्यातही नशेसाठी असंच कलम आहे.

प्रत्यक्षात बहुतेकांना कोर्ट मार्शल नाही, लाल शाईची नोंद, म्हणजे सेवेच्या कागदांत शिक्षेची होणारी नोंद, भोवते. चार लाल नोंदी झाल्या की घरी पाठवण्याचा विचार सुरू होतो. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चार नोंदी झाल्या म्हणून आपोआप काढता येत नाही, नोंदी कशाच्या होत्या, सेवा किती झाली, कठीण जागी किती काढली हेही बघावं लागतं. पण त्यावर विसंबून राहू नका. कोर्टाच्या फेऱ्यांत जाणारी वर्षं कुणी परत देत नाही.

आणखी एक गोष्ट घरच्यांना माहीत नसते: दारू किंवा नशेच्या अतिरेकाने आलेल्या अपंगत्वाला डिसॅबिलिटी पेन्शन देत नाहीत. नियमात ते स्वतःच्या हातातलं मानलेलं आहे.

स्वतःहून सांगितलं तर नोकरी जाईल का?

याच प्रश्नाला घाबरून माणसं गप्प बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दारूचं व्यसन हा आजार म्हणून नोंदवला जातो आणि त्याची ठरलेली वाट आहे. आरएमओ तपासतो. सीओकडून (युनिटच्या प्रमुख अधिकाऱ्याकडून) माणसाच्या वागण्या-कामाचा अहवाल एका ठरलेल्या फॉर्मवर जातो, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात, दाखल करून घेतात. मग मेडिकल कॅटेगरी खाली येते. शेप पद्धतीतला पहिला ‘एस’ मानसिक आरोग्याचा, तो काही काळ तात्पुरता खालच्या दर्जावर ठेवतात. त्या काळात हत्यार, उंचीवरची पोस्टिंग, काही कोर्स बंद राहतात. ठराविक काळाने पुन्हा तपासणी होते. माणूस कोरडा राहिला, युनिटचा अहवाल चांगला गेला, तर कॅटेगरी टप्प्याटप्प्याने वर येते. बोर्ड आउटची, म्हणजे आजारापायी नोकरीतून घरी पाठवण्याची वेळ बहुतेक तेव्हा येते, जेव्हा उपचार होऊनही माणूस पुन्हा पुन्हा प्यायला लागतो, किंवा आजार इतका उशिरा समोर येतो की लिव्हर आणि मेंदू दोन्ही गेलेले असतात.

म्हणजे प्रमोशन एखाद-दुसऱ्या वर्षाने मागे पडू शकतं. ते नुकसान खरं आहे, मी ते लपवणार नाही. पण लपवून ठेवल्यावर जे जातं ते यापेक्षा फार मोठं असतं, आणि हे मी ऐकीव सांगत नाही.

माझ्या एका युनिटमध्ये माझ्याच जिल्ह्याचा एक नाईक होता. उत्तम फिरकी टाकायचा, ब्रिगेडच्या क्रिकेट टीममध्ये होता. पहाटे पाचला एमआय रूमची मागची खिडकी वाजवायचा. मी त्याला सलाईन लावायचो, वाफ द्यायचो, रजिस्टरला ‘ताप’ लिहायचो. तो रोल कॉलला उभा राहायचा. मला वाटायचं मी त्याची नोकरी वाचवतोय, गाववाला आहे, दोन लहान मुली आहेत. हे दीड वर्ष चाललं. सेक्शन कमांडरला माहीत होतं, लंगरवाल्याला माहीत होतं, सगळ्यांनी प्रेमापोटीच झाकलं. त्या दीड वर्षात एकदा जरी मी खरं लिहिलं असतं, तर तो वेळेत दाखल झाला असता. पुढे काय झालं ते खालच्या प्रश्नात येतं. त्या रजिस्टरमधलं माझं अक्षर मला अजून दिसतं.

एकदम बंद केली तर चालेल ना? मन घट्ट केलं की झालं.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करू नये. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाने वाचावं.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूला धरून स्वतःला बांधून घेतो. दारू अचानक काढली की तो उधळतो. सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम, मळमळ, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं बोलतात, ताप चढतो, नाडी धावते. लोक म्हणतात ‘बाहेरचं लागलं’. भगताकडे नेतात. तो खरा जीवघेणा आजार असतो आणि त्याला हॉस्पिटलच लागतं.

त्या नाईकाने सुट्टीला निघताना आईची शपथ घेतली होती की गावात पिऊन येणार नाही. रेल्वेत बसला, प्यायला नाही. दुसऱ्या रात्री डब्यात फिट आली, वरच्या बर्थवरून खाली पडला. डोक्याला मार लागला. तो वाचला, पण पुन्हा युनिटमध्ये आला नाही. शपथ त्याने पाळली होती, एवढंच मला राहून राहून आठवतं.

हॉस्पिटलमध्ये हाच काळ आठ-दहा दिवसांत सुरक्षित पार पडतो. थरथर आणि फिट थांबवणारी औषधं देतात, ती हळूहळू कमी करतात. ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, कारण पिणाऱ्याच्या शरीरात ते संपलेलं असतं आणि त्याच्या अभावाने स्मृती कायमची जाऊ शकते. मी जे चुकवलं ते हेही: अशा माणसाला ब-१ आधी द्यावं लागतं, नुसती ग्लुकोजची सलाईन लावली तर उलट मेंदूला इजा होऊ शकते. घरी कंपाउंडर बोलावून सलाईन लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

त्यांना न सांगता भाजीत गोळी मिसळली तर?

कृपा करून नको. दारू सोडवायची म्हणून चोरून देतात ती गोळी बहुतेक डायसल्फिराम असते. ती पोटात असताना दारू गेली तर चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो. तिचा उपयोग आहे, पण माणसाला सांगून, तपासण्या करून, त्याच्या संमतीने. नॅल्ट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेट अशी ओढ कमी करणारी दुसरी औषधंही आहेत. वर्तमानपत्रातल्या ‘नकळत दारू सोडवा’ जाहिरातीतल्या पुडीत काय असतं हे पुडी विकणाराही सांगत नाही.

माळ घातली तर सुटते का?

सुटल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. पालखी पुण्यात मुक्कामाला आली की नाना पेठ, भवानी पेठेत दर्शनाच्या रांगेत साध्या कपड्यातले किती तरी फौजी असतात. एकाने तिथून परत येताना तुळशीची माळ घातली, आज तो हडपसरला भजनी मंडळात पखवाज वाजवतो. माळेने त्याला दोन गोष्टी दिल्या: बैठकीत ‘नको’ म्हणायला एक कारण, ज्याच्यावर महाराष्ट्रात कुणी वाद घालत नाही, आणि संध्याकाळी बसायला दुसरी जागा. दोन्ही फार मोलाच्या. पण त्याने आधी दाखल होऊन शरीरातली दारू काढली होती. रोज पिणाऱ्याने आधी हॉस्पिटल, मग माळ.

गांजा, एमडी, झोपेच्या गोळ्या: हे फौजेत आहे का?

दारूपेक्षा कमी, पण नाहीच असं म्हणणं म्हणजे डोळे मिटून घेणं. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, २०१५ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली बंदी असलेला पदार्थ आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यापर्यंत जाऊन जो प्रचंड साठा पकडला तो याचाच. शहरात इतकं फिरत असेल तर कॅम्पच्या भिंतीला वळसा घालून जाणार नाही. सुट्टीवर आलेली तरुण पोरं ‘एकदा बघू’ म्हणून अडकतात. एमडीने दोन-दोन दिवस झोप लागत नाही, संशय वाढतो, छाती धडधडते. हत्यार हाताळणाऱ्या माणसात हा संशय किती धोक्याचा, ते वेगळं सांगायला नको.

मला जास्त काळजी गोळ्यांची वाटते, कारण त्या नशा वाटत नाहीत. पाठ दुखते म्हणून ट्रामाडॉल, झोप नाही म्हणून अल्प्राझोलाम, खोकला म्हणून कोडीनचं सिरप. सुरुवात खऱ्या दुखण्याने होते. मग एमआय रूममधून मिळणं बंद होतं आणि माणूस बाहेरच्या मेडिकलमधून घेतो. ट्रामाडॉल २०१८ पासून एनडीपीएसखाली आहे, चिठ्ठीशिवाय बाळगणं अंगावर येऊ शकतं. दारूबरोबर झोपेची गोळी घेतली तर श्वास थांबू शकतो. आणि रोज घेत असाल तर याही गोळ्या एकदम तोडायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

एनडीपीएसचं कलम २७ नुसत्या सेवनासाठीही एक वर्षापर्यंत कैद सांगतं. त्याच कायद्याचं कलम ६४अ मात्र व्यसनी माणसाला आधार देतं: सेवन किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल आणि त्याने स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पूर्ण केले, तर खटल्यातून सूट मिळू शकते. अर्धवट सोडले तर सूट जाते. फौजेची शिस्तीची कारवाई यातून आपोआप टळत नाही, म्हणून वकिलाचा सल्ला घ्या.

अचानक लघवी तपासली तर हे सगळं बंद होईल ना?

नशेच्या पदार्थांपुरतं बऱ्याच अंशी. अमेरिकेचं उदाहरण बोलकं आहे. तिथल्या संरक्षण खात्याच्या १९८० च्या पाहणीत २७.६ टक्के सैनिकांनी मागच्या महिनाभरात बेकायदा नशा केल्याचं सांगितलं. मे १९८१ मध्ये निमित्झ या विमानवाहू नौकेवर विमान कोसळून १४ जण गेले, मृतांपैकी काहींच्या शरीरात गांजाचे अंश सापडले. त्यानंतर अचानक तपासण्या सक्तीने सुरू झाल्या आणि २००२ पर्यंत तो आकडा ३.४ टक्क्यांवर आला. पण अति दारू पिणाऱ्यांचं प्रमाण तसं खाली आलं नाही. दारू कायदेशीर, मेसमध्ये मिळणारी, मर्दपणाशी जोडलेली. तिथे बाटलीतली लघवी काय पकडणार? तिथे सोबतच्या माणसांनीच बघावं लागतं.

मी सेक्शन कमांडर आहे. माझ्या हातात काय आहे?

साहेब, तुमच्याच हातात सगळ्यात जास्त आहे. सैनिक संमेलनातलं भाषण पोरं ऐकतात आणि विसरतात. तुम्ही संध्याकाळी साडेसात वाजता बॅरकमध्ये दहा मिनिटं चक्कर मारलीत ते विसरत नाहीत.

सुट्टीहून परतलेल्या माणसाशी पहिल्या दोन दिवसांत बसून बोला. घरी काय चाललंय, कर्ज आहे का, जमिनीचं प्रकरण आहे का. जमिनीचं असेल तर सीओ साहेबांच्या सहीचं पत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतं. एका पत्राने कित्येक बाटल्या वाचतात. बडाखान्यात (युनिटच्या एकत्र जेवणात) ताक, सरबत, थंड पेयं दारूच्या शेजारीच, तितक्याच मानाने मांडा, कोपऱ्यात नको. न पिणाऱ्याला ‘घे रे, मर्द हो’ म्हणणाऱ्या सीनियरला तिथल्या तिथे थांबवा. संध्याकाळचे खेळ काहीही झालं तरी रद्द करू नका. आणि एखाद्याचे हात सकाळी थरथरताना दिसले, तर त्याची ड्यूटी बदलून झाकू नका. हाताला धरून आरएमओकडे घेऊन जा, स्वतः सोबत बसा. शिक्षेसाठी पाठवला नाही, हे त्याला तुमच्या सोबत बसण्यातूनच कळतं.

मी त्यांची बायको. तक्रार केली तर त्यांचं नुकसान, नाही केली तर माझं. काय करू?

वहिनी, आधी तुमची आणि मुलांची सुरक्षा. मारहाण होत असेल तर ११२ ला फोन करायला कुणाची परवानगी लागत नाही. मारहाण नसेल तर तक्रारीच्या आधीही बऱ्याच पायऱ्या आहेत. तो शुद्धीत असताना, सकाळी, मुलं शाळेत गेल्यावर बोला. प्यायलेल्या माणसाशी बोललेलं वाया जातं. काय दिसलं तेवढंच सांगा: ‘मंगळवारी पोरीच्या शाळेच्या मीटिंगला तुम्ही आला नाहीत.’ त्याच्या बदल्यात ऑफिसला ‘बरं नाही’ म्हणून खोटा फोन करू नका. युनिटच्या फॅमिली वेल्फेअरच्या बाईंशी, धर्मगुरूंशी किंवा थेट आरएमओशी बोलता येतं. ती औषधपाण्याची विनंती असते, तक्रार नव्हे, हे शब्दांत स्पष्ट सांगा. आणि पिणाऱ्यांच्या घरच्यांचे अल-अनॉनचे गट असतात, तिथे तुम्ही स्वतःसाठी जा. त्याची दारू तुमच्यामुळे सुरू झाली नाही.

पुण्यात नेमकं जायचं कुठे?

सेवेत असाल तर वाट आरएमओकडून वानवडीच्या कमांड हॉस्पिटलकडे जाते, शेजारीच एएफएमसी, म्हणजे सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. समोरासमोर बोलायची हिंमत होत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक लावा. दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. सैन्यदलांसाठी टेलिमानसचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्यातच, एएफएमसीमध्ये सुरू झाला. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची हेल्पलाइन १४४४६ आहे.

माजी सैनिकांनी ईसीएचएस पॉलिक्लिनिकमधून सुरुवात करावी. बाहेरचं केंद्र हवं असेल तर येरवड्याचं मुक्तांगण आहे. अवचट दांपत्याने पु. ल. देशपांड्यांच्या देणगीतून १९८६ साली सुरू केलेलं, आजवर महाराष्ट्रातली हजारो घरं तिथून सावरली. शिवाय अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा शहरात ठिकठिकाणी भरतात. तिथे फी नाही, आडनाव विचारत नाहीत, हुद्दाही नाही. एका सभेत निवृत्त कर्नल आणि त्याच्याच जुन्या युनिटचा शिपाई शेजारी बसून एकाच थर्मासमधला चहा पिताना मी पाहिलेत.

उपचार झाले, महिना बरा गेला, आणि परत प्यायला. आता संपलंच का?

नाही. मधुमेहाची साखर परत वाढली म्हणून आपण उपचार सोडत नाही. कुठे, कुणाबरोबर, किती वाजता घेतली ते लिहून काढा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

जागा बदलण्याचा परिणाम मोठा असतो. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांवर ली रॉबिन्स यांनी अभ्यास केला, तेव्हा तिकडे हेरॉइनच्या आहारी गेलेले बहुतेक जण घरी आल्यावर पुन्हा अडकले नाहीत असं दिसलं. आपल्या जवानाचं उलट होतं. तो वॉर्डातून सुटतो आणि त्याच बॅरकमध्ये, त्याच खाटेवर, त्याच सोबत्यांत येतो. म्हणून खाट बदला, रूम बदला, कॅन्टीन कार्डावरची दारू घ्यायचीच बंद करा. आणि त्याला ‘बेवडा’ म्हणून चिडवणाऱ्याला आवरा, तो शब्द मी वॉर्डात पोचलेल्या मोठ्या मोठ्या माणसांना रडवताना पाहिलाय.

निवृत्तीनंतर वाढते, असं का?

चाळिशीच्या आत-बाहेर घरी येतो, अग्निवीर तर चार वर्षांतच. पहाटेची शिटी नाही, कुणी ‘साहेब’ म्हणत नाही, फंडाचे पैसे हातात आणि महिन्याची बाटली कार्डावर. सेक्युरिटीची बारा तासांची रात्रपाळी मिळते. निघण्याच्या वर्षभर आधीच ठरवा सकाळी सहाला तुम्ही कुठे असणार: शेतात, मैदानावर पोरांना भरतीची तयारी करून घेताना, कुठेही. कार्डावरची बाटली विकणं हाही गुन्हा आहे, ती न उचलणं सगळ्यात सोपं.

आत्ता, या क्षणी, खूप पिऊन पडलाय. उठत नाही. काय करू?

हाक मारा, खांद्याला हलवा, छातीवर बोटांनी जोरात चोळा. तरी डोळे उघडत नसतील, श्वास मंद किंवा अडखळत असेल, ओठ निळसर असतील, किंवा फिट आली असेल तर १०८ ला फोन करा, सेवेत असेल तर ड्यूटी जेसीओलाही. ‘सकाळी कळलं तर?’ हा विचार आत्ता करू नका.

गाडी येईपर्यंत कुशीवर वळवा, डावी कूस चांगली. वरचा गुडघा दुमडा म्हणजे पालथा पडणार नाही, तोंड जरा खाली ठेवा, उलटी झाली तर बाहेर येईल. पाणी, लिंबू, ताक, कॉफी, काहीही पाजू नका. बोट घालून उलटी काढू नका. गार पाणी ओतू नका, पांघरूण घाला. शेजारी बसून राहा. जवळ गोळ्यांची रिकामी पाकिटं दिसली तर ती उचलून सोबत घ्या, डॉक्टर पहिलं तेच विचारतील.